आधी रान, मग वाडा : आई-बाबांना केनवुडला नेताना

लंडनमध्ये हॅरोला राहणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. पुण्याहून आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले आहेत. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, संग्रहालयं सगळं बघून झालं. बाबा रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर जाणारे, त्यांना झाडी हवी आहे. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय. कुणीतरी केनवुड सुचवलं : जुना उमरावी वाडा, भोवती जंगल, आत जायला तिकीट नाही. एक अख्खा दिवस त्यासाठी घालवावा का, आणि घालवायचा तर कसा?

घालवा, जरूर घालवा. गेली सतरा वर्षं मी उत्तर लंडनमध्ये लोकांना पायी फिरायला नेते. त्यांत निम्म्याहून जास्त आपली मराठी मंडळी आणि त्यांचे इकडे आलेले आई-वडील असतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. केनवुडला आजवर कितीदा गेले याचा हिशेब नाही, पण पुढच्या आठवड्यात कुणी म्हटलं तर मी पुन्हा निघेन.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. बहुतेक लोक केनवुड उलट्या बाजूने बघतात. गाडी घेऊन येतात, वरच्या रस्त्यालगतच्या पार्किंगला पैसे भरून ती लावतात, वाड्याच्या दारात उभं राहून फोटो काढतात, कॉफी पितात, मागच्या हिरवळीवर दहा मिनिटं बसतात आणि निघतात. मग म्हणतात, छान आहे, पण अशा कोठ्या इंग्लंडात ढिगाने आहेत. त्यांचं बरोबरच आहे, कारण त्यांनी रान बघितलेलंच नसतं. केनवुडला रानातून वर चढून वाड्याकडे यावं. पाय चालत असतील त्याने तरी तसंच यावं.

असं का, ते कळायला जागेची हकिगत थोडी माहीत हवी. बाबांना ती आवडेल, वाटेत सांगा.

हा वाडा आणि भोवतालची जमीन १७५४ साली विल्यम मरे याने विकत घेतली. तो पुढे इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला आणि लॉर्ड मॅन्सफील्ड या नावाने ओळखला गेला. १७६४ पासून पुढची पंधरा वर्षं रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने जुन्या घराचा कायापालट केला. मॅन्सफील्डनंतर त्याचा पुतण्या वारस झाला. वाड्याच्या दारावरूनच हॅम्पस्टेड आणि हायगेट ही गावं जोडणारा रस्ता जात होता, तो त्याने उत्तरेला सरकवून घेतला. रस्त्यावरच्या धुळीत वाडा नको, झाडीतून वळणं घेत येताना तो एकदम समोर दिसायला हवा, असा विचार त्यामागे होता. हम्फ्री रेप्टन हा त्या काळचा नावाजलेला उद्यानरचनाकार होता, त्याचाही सल्ला घेतला गेला. आज तुमची बस ज्या रस्त्याने जाते तो हाच सरकवलेला रस्ता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जहागीर विकायला निघाली. लंडन चारही बाजूंनी पसरत होतं, आगगाड्या आल्या होत्या, आणि या टेकडीवर बंगल्यांच्या रांगा उभ्या करायला बिल्डर टपलेले होते. १९२२ मध्ये वाड्यातलं सामानसुमान लिलावात गेलं. तेव्हा सर आर्थर क्रॉसफील्ड यांच्या पुढाकाराने एक समिती उभी राहिली आणि तिने पैसे गोळा केले. आपल्याकडे शाळा, तालमी, ग्रंथालयं जशी उभी राहिली तशीच ही लोकवर्गणी. त्या पैशांतून जमिनीचा मोठा भाग विकत घेतला गेला आणि जुलै १९२५ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते तो लोकांसाठी खुला झाला. उरला वाडा आणि त्याच्या लगतची जमीन. ती गिनेस या बिअरवाल्या घराण्यातले एडवर्ड सेसिल गिनेस, म्हणजेच लॉर्ड आयव्ही, यांनी घेतली. १९२७ मध्ये ते वारले आणि मृत्युपत्रात वाडा व आपल्या संग्रहातली निवडक चित्रं देशाला देऊन गेले. १९२८ मध्ये वाड्याची दारं उघडली.

म्हणजे इथे दोन दानं आहेत, एक अनेकांचं आणि एक एकट्याचं. खालून चढत आलात की आधी लोकांनी वाचवलेल्या जमिनीवरून चालता आणि शेवटी उमरावाच्या अंगणात पोचता. या क्रमाने चालल्यावर वाडा वेगळा दिसतो, हा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या घरच्यांपुरतं सांगते. दोघांना एकाच वाटेने नेऊ नका. बाबा आणि तुम्ही खालून चढा. आईंना तुमचे यजमान किंवा मुलगी बसने थेट वर नेऊ देत. भेट वाड्यामागच्या गच्चीवर ठरवा. मागची लांबट मोकळी फरसबंदी, तिलाच मी गच्ची म्हणते. तिथून हिरवळ खाली तळ्यापर्यंत उतरते. मोबाइलला रेंज असते, पण वेळ ठरवून ठेवलेली बरी.

आधी आईंचा रस्ता. हॅरोहून १८३ नंबरची बस थेट गोल्डर्स ग्रीनला जाते. वेळ लागतो, पण एकही जिना नाही, बसायला जागा मिळते आणि खिडकीतून सगळं वायव्य लंडन बघायला मिळतं. गोल्डर्स ग्रीनला स्टेशनच्या बाहेरच २१० ची बस मिळते. ती टेकडी चढून, स्पॅनियर्ड्स इन या जुन्या खानावळीपाशी रस्ता इतका अरुंद होतो की समोरची गाडी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तिथून मार्ग काढत केनवुडच्या फाटकापाशी येते. याच खानावळीची एक कथा सांगतात. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये मोठा दंगा झाला आणि जमावाने मॅन्सफील्डचं ब्लूम्सबरीमधलं घर ग्रंथांसकट जाळलं. मग जमाव केनवुडच्या दिशेने निघाला, तेव्हा खानावळवाल्याने त्यांना फुकट बिअर पाजत पाजत सैनिक येईपर्यंत अडकवून ठेवलं. फाटकापासून वाड्यापर्यंत झाडीतून चालायचं अंतर थोडं आहे आणि वाट चांगली आहे. आईंना काठी लागत असेल तर संकोच न करता आणा. वाड्यामागे बाकं भरपूर आहेत.

आता बाबांची वाट. हॅरो अँड वील्डस्टोनहून लायनेस लाइन धरा, विल्सडेन जंक्शनला बदलून मिल्डमे लाइनने हॅम्पस्टेड हीथ स्टेशनला उतरा. स्टेशनातून बाहेर पडून डावी-उजवी कळायच्या आत समोर हिरवं दिसू लागतं. तळ्यांच्या कडेने आत शिरा आणि पार्लमेंट हिलच्या दिशेने चढा. चढ मोठा नाही. शिखराची उंची समुद्रसपाटीपासून ९८ मीटर आहे, तळजाईवाल्या माणसाला हे काहीच नाही. वर बाकं आहेत. एखाद्या बाकावर पाच मिनिटं बसा आणि बाबांना सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट शोधायला सांगा. उंच काचेच्या इमारतींच्या गर्दीत तो अजून दिसतो तो योगायोगाने नव्हे. इथून आणि केनवुडहून दिसणारं सेंट पॉलचं दृश्य लंडनच्या बांधकाम नियमांत राखीव ठेवलेलं आहे. त्या रेषेत मध्येच उंच इमारत उठवता येत नाही. नजरेसाठी जागा राखून ठेवलेली मला फार मोलाची वाटते. आपल्या शहरांत पर्वती किंवा सिंहगड कुठल्या कुठल्या रस्त्यावरून दिसायचे आणि आता दिसत नाहीत, हे बाबा तुम्हाला मोजून सांगतील.

शिखरावरून उत्तरेला उतरा. हा सगळा मोकळा माळ म्हणजे हीथ. एकूण सुमारे ३२० हेक्टर. तोसुद्धा भांडूनच वाचलेला आहे : जमीनमालकाला इथे घरं बांधायची होती, कित्येक दशकं वाद चालला आणि १८७१ च्या कायद्याने हीथ लोकांच्या नावावर झाली. तुम्ही ज्या टेकडीवर आत्ता बसला होता ती १८८९ मध्ये त्यात आली.

थोडं चाललं की लोखंडी कुंपण आणि फाटक लागतं. इथून केनवुडची हद्द सुरू होते. हीथ रात्रंदिवस उघडी असते, पण केनवुडची फाटकं अंधार पडायच्या सुमाराला बंद होतात. फाटकावर वेळ लिहिलेली असते, ती वाचूनच आत जा. मेपासून ऑगस्टपर्यंत काळजी नाही. डिसेंबरात मात्र चारच्या आधीच सूर्य बुडतो आणि मंडळी आत अडकतात.

आत शिरलात की उजेड बदलतो. बाहेर माळावर डोळे बारीक करावे लागतात, आणि दहा पावलांत हिरवट संधिप्रकाश सुरू होतो. हे दक्षिणेचं रान. ओक आणि बीच ही मोठी झाडं, खाली काळपट-हिरवी होली. हे जुनं रान आहे, कुणी बागेसाठी लावलेलं नाही. वाडा नव्हता तेव्हाही इथे झाडंच होती. याची एक खूण म्हणजे इथे मधूनमधून सापडणारं ‘वाइल्ड सर्व्हिस’ नावाचं झाड. ते सहसा जुन्या, न तोडलेल्या रानातच टिकून राहतं. हे रान सरकारने शास्त्रीय महत्त्वाचं क्षेत्र म्हणून राखून ठेवलेलं आहे.

इथे घाई करू नका. बाबांना एखाद्या मोठ्या बीचच्या खोडाला हात लावायला सांगा. ओकची साल भेगाळलेली, खरखरीत असते, आपल्या कडुनिंबाच्या जुन्या खोडासारखी. बीचची साल पेरूच्या खोडासारखी गुळगुळीत आणि राखाडी, हाताला गार लागते. लोकांनी त्यावर नावं कोरलेली दिसतील. झाड जाड होत जातं तशी ती अक्षरंही रुंद होत जातात, आणि पन्नास वर्षांनी कुणाचं नाव होतं ते वाचता येत नाही. तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर बीचची कोवळी पानं हातात घ्या. कडेला रेशमासारखी बारीक लव असते आणि पान उजेडापुढे धरलं की पलीकडची बोटं दिसतात. पुढे महिन्याभरात ती लव झडते आणि पान जाडसर होतं. मला हे पान इतकं आवडतं की मी दर वर्षी त्या पंधरवड्यात कुठलाही प्रवास ठरवत नाही.

जमिनीवर मोठमोठे ओंडके पडलेले दिसतील. पहिल्यांदा येणारे काका हटकून म्हणतात, “एवढं लाकूड वाया घालवतात, उचलत का नाहीत?” ते मुद्दाम ठेवलेलं असतं. कुजणाऱ्या लाकडात भुंगेरे अंडी घालतात, बुरशी वाढते, त्या किड्यांवर सुतार पक्षी जगतात. आपल्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असं जुनी माणसं सांगायची, त्याची आठवण करून द्या, बाबा लगेच समजतील. काही ठिकाणी फांद्या रचून कुंपणं घातली आहेत. ती ओलांडू नका. बीचची मुळं उथळ, जमिनीच्या अगदी वरच्या थरात पसरलेली असतात, आणि पायांनी तुडवून माती दगडासारखी घट्ट झाली की झाड वरून वाळत येतं. १९८७ च्या ऑक्टोबरातल्या एका रात्रीच्या वादळाने दक्षिण इंग्लंडात लक्षावधी झाडं पाडली. हीथवर आणि इथेही जुने वृक्ष आडवे झाले. जी उरली ती त्या रात्रीतून तगलेली आहेत, तेव्हा त्यांच्या मुळांवरून चालण्यापेक्षा वाटेवरून चाला.

मग वरून एक ओळखीचा आवाज येईल. कर्कश, एकामागून एक. बाबा थांबतील. हो, पोपट. आपलाच, गळ्यात लाल-काळा कंठ असलेला. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांची प्रजा वाढत वाढत आता लंडनच्या सगळ्या मोठ्या बागांत पसरली आहे, आणि जुन्या झाडांच्या ढोलीत ते घरं करतात. इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या ते बळकावतात अशी चिंता इथले पक्षीवाले करतात, ती रास्तही आहे. तरी सांगते, माझ्या गटातल्या एका आजी तो आवाज ऐकून बीचखाली उभ्या राहून रडल्या होत्या. महिन्याभरात त्यांना पहिल्यांदा काहीतरी घरचं ऐकू आलं होतं.

रानातून वाट चढत गेली की झाडी संपते आणि तळं लागतं. तळ्याच्या एका टोकाला पांढरा, कमानींचा नेटका पूल दिसेल. त्याच्याकडे बघत जवळ जा. तो पूल नाहीच. एका बाजूने पुलासारखी दिसणारी लाकडी फळी आहे ती, मागून सपाट. अठराव्या शतकात वाड्याच्या खिडकीतून बघणाऱ्याला नदी पुढे वाहत गेल्यासारखी वाटावी म्हणून हा देखावा उभा केला. त्याच्यावरून कुणालाही पलीकडे जाता येत नाही. वरून आलेले लोक त्याला पूल समजूनच परततात. खालून, रानाच्या बाजूने आलेल्यालाच त्याचं मर्म कळतं.

हे पाणी कुठून येतं तेही बघण्यासारखं आहे, आणि इथेच तुमच्या आईंच्या दृष्टीने कामाची गोष्ट आहे. टेकडीच्या माथ्यावर वाळू आहे, खाली चिकणमाती. पाऊस वाळूतून झिरपतो, चिकणमातीपाशी अडतो आणि जिथे दोन थर भेटतात तिथे कडेने बाहेर पडतो. ते झरे केनवुडच्या तळ्यांत येतात, तिथून हायगेटच्या तळ्यांच्या माळेत, आणि पुढे जमिनीखाली गाडल्या गेलेल्या फ्लीट नदीत, जी पूर्वी थेम्सला मिळायची. फ्लीट स्ट्रीटचं नाव त्याच नदीवरून पडलं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की या उतारांवर चार दिवस पाऊस नसला तरी काही जागी चिखल असतो, आणि तो दिसत नाही, वर पानं पसरलेली असतात.

माझ्या हातून एकदा चूक झाली ती इथेच. सुरुवातीच्या वर्षांत, एका मार्चमध्ये, बारा जणांचा गट घेऊन मी रानातून उतरत होते. आदल्या दिवशी स्वतः वाट चालून बघायचा माझा नेम आहे, तो त्या वेळी मोडला. साठीच्या एक काकू साडी आणि कापडी बुटांत होत्या. पानांखालच्या चिखलात पाय सरकला आणि मनगट मोडलं. सुट्टीचे उरलेले पाच आठवडे त्यांनी हात गळ्यात अडकवून काढले. म्हणून सांगते : आईंना रानातल्या उताराने खाली नेऊ नका, त्यांनी कितीही “जमेल गं मला” म्हटलं तरी. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो आणि परतीला सगळा चढ असतो. त्यांना गच्चीवरून तळ्यापर्यंत हिरवळीच्या कडेच्या पक्क्या वाटेने, तेही अर्ध्यापर्यंतच न्या. बाबांना खाचा असलेल्या तळव्यांचे बूट घाला. पुण्याहून आणलेल्या गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत.

तळ्याच्या कडेने वळलं की समोर उघडी हिरवळ आणि वर पांढरा वाडा. आता तो खरा दिसतो. मागे वळून बघा : रान, पाणी, गवत, वाडा, असा एकच पट आहे. आणि गच्चीवर आई बसलेल्या असतील. मेअखेर असेल तर त्यांच्या बाजूला ऱ्होडोडेंड्रॉनची जांभळी-गुलाबी झुडपं फुललेली असतील. सगळे भेटल्यावर आईंना दोन छोट्या गोष्टी दाखवा, दोन्ही सपाटीवर आहेत. एक, लिंडेनच्या झाडांची सावली धरणारी रांग. दुसरी, वाड्याच्या पश्चिमेला वेलींचा कमानीसारखा बोगदा. त्याच्यातून अंधारात चार पावलं टाकून बाहेर आलं की हिरवळ आणि तळं एकदम समोर उलगडतं. वाड्याच्या आवारात हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ या दोघांची शिल्पंही आहेत. मूरच्या शिल्पावर लहान मुलं चढायला धावतात, तेवढं सांभाळा.

जेवण घरून न्या. वाड्याच्या जुन्या नोकरवर्गाच्या भागात कॅफे आहे, स्वच्छतागृहंही तिथेच. पण शनिवार-रविवारी रांग मोठी असते आणि आपल्या वडीलधाऱ्यांना दुपारी एक वाजता सँडविच पुरत नाही. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी, दही नको, ताक बाटलीत, आणि एक रबरी अस्तराची सतरंजी, कारण गवत कोरडं दिसलं तरी खालून ओल वर येते. उरलेलं सगळं परत न्यायचं. कुत्री मोकळी सोडलेली असतात आणि त्यांना आपल्या पोळीचा वास फार लांबून येतो. आईंना कुत्र्याची भीती असेल तर जमिनीवर न बसवता बाकावर बसवा. मालक हाक मारतात, कुत्रं परत जातं, पण दचकून उठताना गुडघा दुखावतो.

जेवणानंतर वाडा. तिकीट नाही, दारात दानपेटी आहे, दोन-चार पौंड टाका. निघायच्या आदल्या रात्री वाडा उघडा आहे ना ते बघून घ्या, खासगी समारंभासाठी तो मधूनच बंद असतो. आत सगळ्या खोल्या बघायचा हट्ट धरू नका. तीन ठिकाणी वेळ द्या. ॲडमने सजवलेलं ग्रंथालय हे पहिलं. पेस्टल रंगांचं कमानदार छत आणि त्यातली चित्रं मान वर करून बघावी लागतात, म्हणून आईंना आधी खुर्ची शोधा. डच चित्रकार रेम्ब्राँचं उतारवयातलं स्वचित्र हे दुसरं. हातात रंगाची पाटी, मागे भिंतीवर दोन मोठी वर्तुळं, आणि चेहरा थकलेला पण नजर आपल्यावर रोखलेली. ज्यांना चित्रातलं काही कळत नाही असं म्हणतात, तेही या चित्रापुढे गप्प उभे राहतात, हे मी अनेकदा पाहिलंय. जवळच फर्मेअर या दुसऱ्या डच चित्रकाराची गिटार वाजवणारी मुलगी आहे. ते चित्र १९७४ मध्ये इथून चोरीला गेलं आणि काही आठवड्यांनी एका चर्चच्या आवारात सापडलं.

तिसरं ठिकाण डायडो बेलचं. या वाड्यातली हीच गोष्ट मी कधी वगळत नाही. डायडो ही मॅन्सफील्डच्या भाच्याची, जॉन लिंडसे या आरमारी अधिकाऱ्याची, मुलगी. तिची आई मारिया ही गुलाम केलेली आफ्रिकन स्त्री. मॅन्सफील्ड दांपत्याने डायडोला इथेच वाढवलं, त्यांच्या दुसऱ्या एका नातीबरोबर, एलिझाबेथबरोबर. ती शिकली, वाड्याची दुग्धशाळा आणि कोंबड्या बघायची, मॅन्सफील्डची पत्रं लिहून द्यायची. पण पाहुण्यांबरोबर जेवायला मात्र तिला बसवत नसत. आणि तिला सांभाळणारा हाच माणूस १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाच्या खटल्यात निकाल देतो की मालकाला त्याला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. त्या निकालाने गुलामगिरी संपली नाही. ब्रिटिश जहाजं पुढेही कित्येक वर्षं माणसं वाहत राहिली. तरी इंग्लंडच्या कायद्यात एक फट पडली. मॅन्सफील्डने आपल्या मृत्युपत्रात डायडो स्वतंत्र असल्याचं वेगळं नमूद केलं. आपल्या घरात वाढलेल्या मुलीबद्दल हे लिहून ठेवावं लागलं, यातच त्या काळाची भीती दिसते. डायडो आणि एलिझाबेथ यांचं मूळ चित्र स्कॉटलंडमध्ये स्कोन पॅलेसला आहे, केनवुडला त्याची प्रत बघायला मिळते. एकाच घरात वाढलेली, पण एका पंगतीला न बसवलेली मुलगी आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. माझ्या गटातल्या बायका तिथे बराच वेळ थांबतात.

आता काळजीच्या दोन गोष्टी. पहिली सुरवंटांची. मे ते जुलै या काळात ओकच्या खोडावर एकामागे एक रांगेने चालणारे सुरवंट किंवा पांढऱ्या जाळ्यांची घरटी दिसली तर लांब राहा. या अळीचे केस अंगाला लागले तर प्रचंड खाज सुटते, दमेकऱ्याला श्वासाचा त्रासही होतो. आपल्या सुरवंटासारखंच, पण जास्त वाईट. दुसरी चेस्टनटची. ऑक्टोबरात कुणी आलं तर खाली पडलेली तपकिरी, चकचकीत फळं वेचायचा मोह होतो. दोन प्रकार असतात. ज्याच्या हिरव्या कवचावर साळिंदरासारखे दाट बारीक काटे तो खायचा. ज्याच्या कवचावर जाडसर, विरळ काटे तो घोडचेस्टनट, विषारी. पण खरं म्हणजे वेचूच नका. मशरूमला तर हातही लावू नका. इथून काही नेऊ नये असा नियम आहे, आणि ते सगळं पक्ष्यांचं, खारींचं जेवण आहे.

दुपारी चारपर्यंत आईंचा गुडघा बोलू लागला नसेल तर २१० नेच पुढे हायगेट व्हिलेजला जा. तिथून उताराने क्रॉमवेल अॅव्हेन्यू लागतो. ६५ नंबरचं घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह. सावरकर १९०६ मध्ये लंडनला आले ते इथेच राहिले. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. तिथे आता लोक राहतात, तेव्हा समोरच्या फुटपाथवरून बघा, दार वाजवू नका, मोठ्याने बोलू नका. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर इथून लांब नाही. महाराष्ट्र शासनाने ते घेतलंय, आत जाऊन बघता येतं. पण ते त्याच दिवशी कोंबू नका. त्याला वेगळी सकाळ द्या, चॉक फार्म स्टेशनवरून.

दिवस कुठला निवडायचा, तर मधल्या वारातला. आधीचे दोन दिवस कोरडे गेलेले असावेत. आदल्या रात्री पाऊस झाला तर बेत मोडू नका, फक्त बाबांची वाट बदला : रानात न शिरता पार्लमेंट हिलवरून माळाच्या कडेने, पक्क्या वाटेने वर या आणि रान तळ्याच्या बाजूने, काठावर उभं राहून बघा. साडेदहाला स्टेशनवर उतरलात तर रमतगमत साडेबाराला गच्चीवर पोचाल. आईंना घरून साडेदहालाच १८३ मध्ये बसवा, म्हणजे त्या तुमच्या आधी पोचतील आणि तुम्ही दोघं तळ्याकडून वर येताना त्यांना दिसाल.